पाहुणा एकटा बसायचा नाही

त्या रविवारी टोचणी मावशीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि हे सगळ्यात आधी मुलांच्या लक्षात आलं. मोठ्यांना कुठलं कळायला! मोठी माणसं उपासनेला आली की आधी खुर्ची बघतात, मग डोक्यावर पंखा आहे का ते बघतात, आणि मग डोळे मिटून घेतात. मुलं डोळे मिटतात खरी, पण एकच.

टोचणी मावशी हे नाव मुलांनीच ठेवलेलं. आठवडाभर ती दवाखान्यात लस टोचायची. त्या वस्तीत असं मूल सापडणं कठीण, ज्याच्या दंडाला तिची सुई लागली नव्हती. आणि रविवारी तीच बाई चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना गोष्टी सांगायची, रंग वाटायची, वाहती नाकं पुसायची. नवं मूल तिला दारात बघून भोकाड पसरायचं. मग बाकीची मुलं त्याची समजूत घालायची, "अरे, आज रविवार आहे. रविवारी टोचत नाही ती."

चर्च कसलं, पूर्वीचं लाकडी सामानाचं गोदामच ते. पुढे मोठा हॉल, मागे मुलांची खोली, आणि बाजूला गल्लीत उघडणारं एक दार, जे उपासना चालू असताना कधी बंद करायचं नाही असा पाळकांचा दंडक. दारावर पाटी: 'या. जसे आहात तसे या.' पाळकांना या पाटीचा भारी अभिमान. पण पाटी लावणं सोपं असतं. आलेल्या माणसाकडे कोण बघतं? जो तो आपापल्या ओळखीच्यांत रमलेला, आणि नवा माणूस आपला मागच्या रांगेत पायातली चप्पल बघत बसलेला. म्हणून मावशीनं ते काम मुलांच्या हाती दिलं. पाच बोटांचे पाच नियम. अंगठा: पाहुणा दिसला की उठायचं. दुसरं बोट: त्याच्याकडे जायचं. तिसरं: आपलं नाव सांगायचं, त्याचं विचारायचं. चौथं: शेजारी बसायचं, पाहुणा एकटा बसायचा नाही. आणि करंगळी? ती मुडपायची. कारण करंगळीचा नियम न विचारण्याचा होता.

"काहीही विचारा," मावशी सांगायची, "पाणी हवं का विचारा, गाण्याचं पुस्तक हवं का विचारा. पण 'आता कशाला आलात?' हे कोणी कोणाला विचारायचं नाही. उशिरा आलेल्याला तर मुळीच नाही."

मुलं मान डोलवायची आणि करंगळी मुडपायची. हाच प्रश्न का, दुसरा का नाही, असं एकाही पोरानं कधी विचारलं नाही. वकीलबाईनंसुद्धा नाही, आणि ती तर दहा वर्षांची पोर प्रत्येक नियमाला फाटे फोडण्यात पटाईत होती.

तर त्या रविवारी दुसरं गाणं चालू झालं, आणि बाजूच्या दारातून एक बाई आत आली. शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत बसली. मांडीवर स्वतः शिवलेली कापडी पिशवी, ती दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, पुढच्या थांब्यावर उतरायचं असल्यासारखी. मावशीनं तिला बघितलं आणि तिच्या हातातली टाळी हातातच राहिली.

ती तिची नणंद होती. सहा वर्षांनी दिसत होती.

सहा वर्षांपूर्वी मावशीचा नवरा गेला. तो सकाळी घरातून धडधाकट निघाला आणि दुपारी दवाखान्यात होता. मावशी तेव्हा लांबच्या एका वस्तीत लस द्यायला गेलेली. रांगेत मुलं, मुलांच्या आया, रडारड, आणि फोन पिशवीच्या तळाशी. निरोप कळेपर्यंत ऊन कललं होतं. ती धावतपळत पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं. शेवटपर्यंत भावाचा हात धरून बसली होती ती ही नणंद. वॉर्डाच्या दारात ती उभी होती. भावजयीला बघून ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता कशाला आलीस?"

बस. एका वाक्यानं दोन घरं तुटली. दोघी एकाच वस्तीत राहत होत्या, पण मावशीनं नणंदेच्या गल्लीतून जायचंच सोडलं. बाजाराला लांबचा रस्ता धरला. आणि या चर्चमध्ये ती येऊ लागली ती यासाठीच की इथे तिला पहिल्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. तिनंही कधी कोणाला काही सांगितलं नाही.

आता ती बाई इथे येऊन बसली होती. मावशीच्या या जागेत.  राग होता, भीती होती, आणि खरं सांगायचं तर थोडा सूडही होता. येऊ दे. बसू दे. बसू दे एकटीलाच, कळू दे कसं वाटतं ते. असा विचार मनात आला आणि मावशीला स्वतःचीच शरम वाटली, पण पाय काही हलले नाहीत.

ती एकटी बसलीच नाही मात्र. त्या दिवशी स्वागताची पाळी भिंगरीची होती.

भिंगरी सात वर्षांची. तिचा बाप बसचालक, दोन महिन्यांपासून चर्चला यायला लागलेला, अजून मागच्याच रांगांमधला. आई बेकरीत कामाला, तिला रविवारची सुट्टी नाही. पोर अशी की एका जागी मिनिटभर टिकेल तर शपथ. पण स्वागताची पाळी आली की शहाण्यासारखी वागायची. तिनं पाहुणी पाहिली, अंगठा धरला, उठली. दुसरं बोट धरलं, गेली. मावशी लांबून बघत राहिली. भिंगरी त्या बाईच्या शेजारच्या खुर्चीवर चढून बसली, पाय हलवत काहीतरी सांगू लागली. बाई हसली. आणि मग भिंगरीनं मावशीकडे बघून हात केला, ये, ये, असा.

नणंदेनंही मान वर करून बघितलं. ती खुर्चीवरून अर्धवट उठली.

मावशीनं तोंड फिरवलं. "चला रे, मागच्या खोलीत चला," असं म्हणत तिनं मुलांना कोंबड्यांसारखं हाकललं आणि दार ओढून घेतलं.

चर्चची पद्धत अशी, की गाणी झाली की मुलं मागच्या खोलीत जातात, पण ज्याची स्वागताची पाळी असेल ते मूल पाहुण्यापाशी हॉलमध्येच थांबतं. त्यामुळे मावशीनं मुलं मोजताना भिंगरीला धरलं नाही. आणि बसचालकानं मुलं आत जाताना पाहिली, तेव्हा आपलीही गेली असं धरलं. दोघांची खात्री, दोघं निर्धास्त.

आतल्या खोलीत वादळातल्या होडीची गोष्ट होती. चार बाकं एकमेकांना लावून होडी केली, मुलं आत बसली, दोघं बाहेरून बाकं हलवायला. मावशीनं वादळ व्हायचं. एरवी ती असं वादळ व्हायची की शेजारच्या हॉलमधून पाळक दारावर टकटक करायचे. त्या दिवशी तिनं एकदा 'हूऽऽ' केलं आणि दाराशी जाऊन फटीतून बाहेर बघितलं. दोन डोकी दिसली, एक मोठं, एक छोटं. परत आली. "हं, तर वादळ आलं."

"आलंय की कधीचं," होडीतून आवाज आला.

"मग... मग सगळे घाबरले."

"आम्ही घाबरून बसलोय. पुढे सांग ना."

पुढे सांगायचं तर होतं. वादळाला शांत हो म्हणायचं, की झाली गोष्ट. पण ते दोन शब्द तिच्या तोंडातून निघेनात. ज्याचं स्वतःचंच वादळ थांबत नाही त्यानं दुसऱ्याला शांत हो कसं म्हणायचं? तिनं रंगांची डबी उघडली, ती सांडली, गोळा केली, चुकीच्या झाकणानं बंद केली. पुन्हा दाराशी गेली. दार उघडून जावं का? जाऊन काय म्हणायचं? तिनंच यावं. तीच तर आलीय. मग आणखी किती यायचं तिनं?

तिसऱ्यांदा तिनं फटीतून बघितलं तेव्हा दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

गेली. बरं झालं, असं मावशी मनात म्हणाली. पण बरं काही वाटलं नाही. भिंगरी बापाच्या मांडीवर जाऊन बसली असेल असं तिनं गृहीत धरलं, आणि होडी तशीच वादळात सोडून मुलांना चित्रं रंगवायला बसवलं.

उपासना संपली. दार उघडलं. आईबाप आपापलं मूल घेऊन जायला आले, चपलांची जोडी लावणं, डबे शोधणं, नेहमीचा गोंधळ सुरू झाला. बसचालक दारात उभा राहून आत डोकावला.

"मावशी, आमची स्वारी कुठंय?"

"तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? ती तुमच्याकडे आहे ना?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोघांच्या तोंडचं पाणी एकदमच पळालं.

मग शोधाशोध. हॉलमधल्या खुर्च्यांखाली, जिन्याखाली, बाथरूममध्ये, पाण्याच्या टाकीमागे, पाळकांच्या खोलीत, पडद्यामागे. पाळकांनी माइक हातात घेऊन पोरीला हाक मारली, तो आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. कोणी पळत चौकापर्यंत जाऊन आलं. कोणी म्हणालं, असेल इथंच, मुलं लपतात. कोणी म्हणालं, हे बाजूचं दार उघडं ठेवणं मला आधीपासून पसंत नव्हतं. अशी माणसं असतातच. आग लागली की पाणी आणण्याआधी आपण काय म्हणालो होतो त्याची आठवण करून देणारी.

 बसचालक दोनदा रस्त्यावर जाऊन परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मावशीसमोर उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

"मावशी, मी रोज बस चालवतो. गाडीपुढे पोर किती पटकन येतं ते मला विचारा. डोळा लवायच्या आत येतं."

 मुलांचे दंड धरण्यात मावशीचा जन्म गेला होता. एक इंचभर हलू द्यायची नाही ती पोराला. आणि हीच एक पोर तिच्या हातून अशी निसटली होती, कारण त्या वेळी तिला तोंड फिरवायचं होतं.

"मी सांगू का?" असं म्हणत वकीलबाई पुढे आली. हातात अर्धवट रंगवलेली होडी. "ती पाहुणीबरोबर गेली असेल."

"कोण पाहुणी?" बसचालक गरकन वळला.

"शेवटच्या रांगेतली. आम्ही होडीत होतो तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर आले होते. पाहुणी रडत रडत दारातून गेली आणि भिंगरी पण निघाली तिच्या मागं. मी म्हटलं, कुठं चाललीस? ती म्हणाली, पाहुणा एकटा बसायचा नाही. मी म्हटलं, अगं, नियम बसायचा आहे, ती तर चालतेय. तर म्हणाली, घरी गेल्यावर बसेलच ना."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मला विचारलंच नाही कोणी. सगळे खुर्च्यांखाली बघत होते."

पाळकांचा चेहरा उतरला. "अनोळखी बाईच्या मागे गेली पोर... पोलिसांना फोन करू या."

"थांबा," मावशी म्हणाली. एवढा एक शब्द बोलायला तिला केवढा वेळ लागला. "ती अनोळखी नाही. मला घर माहीत आहे. माझी नणंद आहे ती."



"तुम्हाला नणंद आहे?" पाळक म्हणाले. सहा वर्षं त्यांनी तिच्या हातचा चहा प्यायला होता.

"तुम्ही तिला बघितलं होतं? इथं, आज?" बसचालकानं विचारलं.

"बघितलं होतं."

तो दाराकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मावशीनंच भानावर येऊन सांगितलं: घर घड्याळवाल्याच्या दुकानामागे, वरचा मजला, खाली पिशव्या टांगलेल्या दिसतील. तिथे जायला दोन वाटा. पोर मधेच परत निघाली असेल तर चुकामूक नको, म्हणून त्यानं मोठ्या रस्त्यानं यावं, ती गल्लीतून जाईल. पाळकांनी चर्चमध्ये थांबावं. दवाखान्यात तिला असे हुकूम सोडायची सवय होती. आवाज ठणठणीत निघाला. 

गल्ली तीच होती. सहा वर्षांत कुठल्याशा दाराला नवा रंग लागलेला, न्हाव्याच्या दुकानात आरसा बदललेला. रविवारमुळे निम्मी शटर खाली. मावशी चालत होती की धावत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. प्रत्येक बोळात डोकावत होती. एका ओट्यावर लहान मुलीच्या चपला दिसल्या, तिचा जीव खालीवर झाला. त्या दुसऱ्याच कोणाच्या होत्या. उघडं गटार दिसलं की वाकून बघत होती. देवा, पोर सुखरूप असू दे. बाकी ती बाई मला काय वाटेल ते बोलू दे.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिला स्वतःचा असा संताप आला की दोन थोबाडीत माराव्यात. पाच बोटांचे नियम! लहानलहान पोरांना उठवून पाठवायचं दारापाशी, आणि आपली वेळ आली की पळायचं आतल्या खोलीत.

घड्याळवाल्याचं दुकान आलं. मागचा जिना. कठडा अजून तसाच डुगडुगता. त्यावरून घसरताना लहानपणी दात पाडून घेतला होता असं नवरा सांगायचा, आणि दर वेळी पडलेल्या दाताची जागा बदलायची. मावशी अर्ध्या जिन्यात थांबली. वरून शिलाई मशीनचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता. आणि मशीन थांबलं की एक चिरका आवाज अखंड बडबड करत होता.

मावशीनं भिंतीला हात टेकला. सापडली. डोळ्यांपुढचा अंधार जरा ओसरला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आता ते दार वाजवायचं आहे. एका दारात तिनं ते वाक्य ऐकलं होतं. आज ते पुन्हा ऐकायला लागलं तर? आणि आज तर तिला उत्तरही नव्हतं. पोर न्यायला आलेय, एवढंच. पोर नसती तर आली असतीस का, असं विचारलं तर?

तिनं दार वाजवलं.

दार भिंगरीनं उघडलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. तिचा चेहरा खुलला.

"मावशी! बघ, मी नियम पाळला!"

मावशीनं खाली बसून तिला धरलं. दंड चाचपले, डोकं चाचपलं, गुडघे बघितले, आणि मग छातीशी असं आवळलं की पोर ओरडली, "टोचू नको, टोचू नको!" मावशीनं एका हातानं फोन काढला. "सापडली. वरच्या मजल्यावर या. ठीक आहे, अगदी ठीक आहे." फोन ठेवला आणि मग तिचा बांध फुटला.

"न सांगता जातात का असं? आं? जीव टांगणीला लागला सगळ्यांचा! कोणाला तरी सांगून जायचं ना!"

"कोणाला सांगणार? बाबा डोळे मिटून बसले होते. आणि तुला तर मी हात केला होता," भिंगरी म्हणाली. "तू बघितलंस. आणि तू तोंड फिरवलंस."

त्यात आरोप नव्हता. पोर जे झालं ते सांगत होती.  मावशीनं मान वर केली.

नणंद मशीनपाशी उभी होती. एका हातात छोटी चप्पल, अर्धा शिवलेला पट्टा लोंबकळणारा. केस पांढरे झाले होते. नवऱ्याचं नाक, नवऱ्याची हनुवटी. सहा वर्षांत मावशी हे विसरली होती की ती दोघं इतकी सारखी दिसायची.

नणंदेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

भिंगरीनं झटकन हात वर केला आणि करंगळी मुडपून दाखवली.

नणंदेनं तोंड मिटलं. मुडपलेल्या करंगळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते नव्हते विचारत गं. आत ये म्हणत होते." आणि मावशीकडे न बघता, "आत ये. दारात नको उभी राहूस."

मावशी आत आली. खोलीभर कापडाचे तुकडे, कोपऱ्यात पिशव्यांची चळत. बसायला एकच खुर्ची. ती भिंगरीनं ओढून तिच्यासमोर ठेवली.

"ही माझ्या मागं मागं येतेय हे मला जिन्यापाशी कळलं," नणंद चपलेकडे बघत भराभरा बोलू लागली. "लगेच परत आणत होते, तर हिचा पट्टाच तुटला. बाहेर फरशी अशी तापलेली, अनवाणी कशी चालवू? आणि फोन कोणाला करू? तुझा नंबर... तुझा नंबर होता माझ्याकडे. लावला नाही. तू उचलणार नाहीस असं वाटलं. शिवून झालं की आणून सोडणारच होते. दारापर्यंत."

"ताई," मावशी म्हणाली. 

"हिनं मला सगळे नियम शिकवले. पाचही. शिवता शिवता तीनदा म्हणून घेतले." नणंदेचा हात चपलेवर थांबला. "करंगळीचा ऐकला आणि सुई बोटात गेली माझ्या. ते वाक्य माझं आहे ना?"

मावशीनं मान हलवली.

"माझंच आहे. उशिरा आलेल्याला तर मुळीच नाही, असं पण आहे म्हणे पुढे." तिचा आवाज फाटला. "तू ते एकदा ऐकलंस. मी रोज ऐकते. भाकरी थापताना ऐकते, मशीनवर बसले की ऐकते. तो गेला होता, तू धावत आली होतीस, तुझे केस सगळे विस्कटलेले, आणि मला काय सुचलं बोलायला! आज ठरवून आले होते, की जाऊन सांगायचं. तू आत निघून गेलीस. बरोबरच केलंस तू."

मावशी उत्तर देणार तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि बसचालक दारातून आत आला. त्यानं पोरीला उचललं, तोंड तिच्या मानेत खुपसलं, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग तिला खाली उतरवलं, कान धरला, सोडून दिला.

"पुन्हा असं करशील?"

"पण नियम..."

"नियम गेला खड्ड्यात!" तो ओरडला, आणि मग दोन्ही बायांकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "माफ करा. पण मावशी, तुम्हीच सांगा. आज या होत्या म्हणून. उद्या दुसरंच कोणी असलं असतं तर?"

"तुमचं खरं आहे," मावशी म्हणाली. ती भिंगरीसमोर खाली बसली. "नियम बदलायला हवा, मी बदलते. ऐक. पाहुण्याच्या शेजारी बसायचं, ते आहे तसंच. पण पाहुणा उठून गेला, रडत गेला, तर त्याच्यामागे मुलांनी जायचं नाही. कधीच नाही. तिथे मोठ्यांनी जायचं."

भिंगरीनं नीट विचार केला. "कुठल्या मोठ्यांनी?"

 नणंदेनं चपलेचा शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला, पोरीला खुर्चीवर बसवून चप्पल तिच्या पायात सरकवली. पट्टा ओढून बघितला. "झालं. आता घोडा लावून ओढलं तरी तुटणार नाही," असं म्हणाली, आणि मग कोणाकडेही न बघता, "पाणी आणते हं सगळ्यांना," असं पुटपुटत आत स्वयंपाकघरात गेली.

आत पेला वाजला. एकदाच. मग नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला. एवढ्या वेळात हंडा भरला असता, पण पाणी काही बाहेर आलं नाही. नळाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज दबून राहिला होता. बसचालक पायांकडे बघू लागला.

भिंगरी खुर्चीच्या कडेवरून अर्धी उठली. मग तिला नवा नियम आठवला. ती परत बसली, आणि मावशीकडे बघू लागली.  नुसतं बघत राहिली.

मावशी उठली आणि आत गेली.